पाटीशिवाय जव्हार

माझ्या सासूने जव्हारचा राजवाडा आमच्या अख्ख्या आळीला दाखवला होता, आणि तोही सातपाटीतल्या आमच्या ओट्यावर बसून. बोंबील निवडताना तिचे हात जितके चालत तितकंच तोंड चाले. राजवाडा टेकडीवर आहे. वर घुमट आहेत. आत आरसेच आरसे आहेत, उभं राहिलं की एका बाईच्या वीस बाया दिसतात. आणि मागच्या बाजूला दगडी ओटा आहे, त्या ओट्यावर बसून मी कपबशीतून चहा प्यालेय. हा चहा मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं ऐकत होते. दर वर्षी त्यात थोडी साखर वाढत गेली होती.

सासूचं नाव येसूबाई. घरात आम्ही तिला आय म्हणतो. जव्हारच्या आठवडेबाजारात ती सुकी मासळी विकायला बसायची, एक ना दोन, बावीस वर्षं. सातपाटीहून पालघर, पालघरहून जव्हारची एसटी, टपावर मासळीची पाटी. आळीतल्या बाकीच्या बायका पालघरच्या बाजारात बसत, फार तर मनोरपर्यंत जात. त्यामुळे जव्हार म्हणजे येसूबाई सांगेल ते, असा हिशेब आपोआप ठरून गेला होता. घरात माझं काहीही चुकलं, अगदी कालवणात मीठ कमी पडलं, तरी ती म्हणायची, "तुला काय ठावं? तू पालघरच्या पुडं गेलीस कवा?" मिठाचा आणि पालघरचा काय संबंध, हे मी अकरा वर्षांत विचारू शकले नाही. मला राग यायचा आणि मी भांडी आपटायचे.

सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. समोरच्या घरातली मंदा आमच्या ओट्यावर बसली होती. मंदा माझ्याच वयाची, पण जीभ माझ्यापेक्षा दोन बोटं लांब. राजवाड्याचा विषय निघाला तशी ती म्हणाली, "काकी, आमी नुसतं ऐकतोय. एकदा दाखवा ना. आता भांग लागलाय, होड्या वर हायेत. परवा जाऊया."

भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो, जाळी टाकून फारसं काही मिळत नाही, म्हणून आम्हा बायकांनाही जरा उसंत असते. आय म्हणाली, "जाऊया की. त्यात काय."

"आनी त्या मागच्या ओट्यावर बसून आमालाबी चा पाजायचा," मंदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नाय पाजलात तर या आळीत परत जव्हारचं नाव काढायचं नाय. बोला, कबूल?"

"कबूल," आय म्हणाली. सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने आय हसली, तिथेच मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी वलांडीवरचे बोंबील काढत होतो. वलांडी म्हणजे बांबूची आडवी मांडणी, तिच्यावर ओळीने बोंबील वाळत घालतात. आय माझ्या बाजूला सरकली आणि बोंबलांकडे बघतच म्हणाली, "शकू, मी राजवाडा बगितला नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाजाराच्या पलीकडं एक पाऊल टाकलं नाय मी जव्हारात," ती म्हणाली. "धाला गाडी पोचते. साडेचारची परतीची. चुकली तर ष्टँडवर झोपायचं. पाटी टाकून कुटं फिरणार?"

"मग ते घुमट? आरसे?"

"ते नवसीनं सांगितलेलं."

नवसी म्हणजे जव्हारजवळच्या पाड्यावरची बाई. राजवाड्यात झाडलोट करते. दर बाजाराला आयकडून वाटाभर सुकट घेते आणि मग तिथेच पाटीच्या सावलीला बसून राहते, गाडीची वेळ होईपर्यंत. बावीस वर्षं दोघी बोलत होत्या. आय पुढे म्हणाली, "कमळू नऊ वर्साचा होता. मी घरी येऊन त्याला राजवाडा सांगितला. तो म्हनाला, आय, तू बगितलंस? त्याचे डोळे असे मोटे झालेले. मी हो म्हटलं. मग एकदा हो म्हटल्यावर नाय कसं म्हननार?"

कमळू म्हणजे माझा नवरा कमलाकांत. तो आता तीन माणसांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या आहे, पण आईने राजवाडा पाहिलाय हे तो अजून अभिमानाने सांगतो.

खरं तर मी तिथे वलांडीखाली फुगडी घालायला हवी होती. अकरा वर्षांचं उट्टं काढायची संधी आयती हातात आली होती. पण आयने एक बोंबील हातात धरला होता, तो ती टोपलीत टाकायचं विसरून गेली होती, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. बाजारात चार गिऱ्हाइकांशी एकदम भांडणारी बाई ती. तिने आजवर माझ्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता, हुकूमच सोडला होता. आज मागत होती.

"नवसीला निरोप धाडूया?" मी विचारलं.

"कसा धाडनार? बाजार परवाच झाला. तू आसं कर, तू हळूच पुडं जाऊन रस्ता इचार नि मला सांग. मंदेला कळता कामा नये. चाचं काय ते माजं मी बगते."

चहाचं ती काय बघणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. म्हातारीची इभ्रत माझ्या पदरात पडली आणि मला उगाचच थोरपण आल्यासारखं वाटलं.

सकाळी पालघरच्या स्टँडवर जव्हारची गाडी लागली. आय सवयीने मागच्या शिडीकडे गेली, टपावर पाटी चढवायला. हातात पाटी नाही हे शिडीला हात लावल्यावर तिच्या लक्षात आलं. कंडक्टर ओळखीचा निघाला. "काय येसूबाई, आज पाटी नाय? तब्येत बरी हाय ना?" त्याने विचारलं. आयने मंदाकडे अशी काही नजर टाकली की बघ, मला इथे कोण कोण ओळखतं. मग आम्ही तिघी चक्क पुढच्या बाकड्यावर बसलो. शेजारच्या कोणी नाकाला रुमाल लावला नाही. आयला ते इतकं नवीन होतं की विक्रमगडपर्यंत ती ताठ बसून होती, पाठ टेकायची असते हेच विसरली.

जव्हारला उतरलो तेव्हा हवेत छान गारवा होता. बाजारपेठेपर्यंत आय राणीसारखी चालली. हा अमक्याचा धान्याचा गाळा, इथे मिरची स्वस्त, ही माझी जागा, या पिंपळाखाली. बाजार नव्हता म्हणून जागा मोकळी होती, एक कुत्रं झोपलं होतं. आयने त्याला हाकललंसुद्धा. पण पेठ संपली आणि रस्त्याला तीन फाटे फुटले, तशी ती थांबली आणि पदर नीट करू लागली. पदर चांगला होता.

"मला तहान लागली," मी म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. दुकानदाराला वाटेतली शिरपामाळाची टेकडी कुठे, हनुमान पॉइंट कुठे, तिथून राजवाड्याला कसं जायचं, सगळं घडाघडा विचारून घेतलं. येताना आयच्या कानाशी पुटपुटले, "डावीकडं, चढ." आय लगेच हात करून म्हणाली, "या गो, डावीकडून. चढ हाय जरा."

आता आमच्या चालण्याचं सांगायला हवं. आम्ही पाटीवाल्या बायका चालत नाही, पळतो. मासळी थांबत नाही म्हणून आम्हीही थांबत नाही. डोकं स्थिर, कमरेपासून खाली सगळी घाई. शिरपामाळाच्या टेकडीवर आम्ही अशा चढलो की तिथली वाट दाखवणारा एक म्हातारा आमच्या मागे धापा टाकत आला. शिवाजी महाराज सुरतेला जाताना इथे थांबले होते, राजाने इथे त्यांचा मान केला, असं तो सांगू लागला, तोवर मंदाचं खाली उतरणं सुरू झालं होतं. मीच ओरडले, "अगो बाई, बघायला आलोय, इकायला नाय." मग आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो आणि परत वर जाऊन, हात बांधून, उभ्या राहून, सगळं ऐकलं. महाराज पुढे निघून गेले तरी आम्ही उभ्याच होतो.

आणखी एक गंमत मला दिसली. वाटेत एका आंब्याची फांदी आडवी आली होती. आय त्या फांदीखालून गेली ती मान खाली न घालता, गुडघ्यात वाकून. डोक्यावर पाटी असली की मान हलवता येत नाही, गुडघे मोडूनच दारातून जावं लागतं. आज डोक्यावर काही नव्हतं. तरी तिच्या डोक्यावरची पाटी उतरायला तयार नव्हती. मी हसणार होते, पण तेवढ्यात मीही तशीच वाकले.

हनुमान पॉइंटला जाईपर्यंत मला आणखी दोनदा तहान लागली. मंदा म्हणाली, "शकू, रातच्याला खारट खाल्लंस का गो? किती पानी पितेस?" मी मान हलवली. पोट पाण्याने तुडुंब भरलं होतं, कारण दुकानात नुसतं विचारून निघणं बरं दिसत नाही.

पॉइंटवर गेलो आणि पायाखालची जमीन संपली. खाली खोल दरी, तिच्यात धुकं, त्या पलीकडे डोंगरामागे डोंगर. आम्ही सपाट किनाऱ्यावरच्या बायका, आमच्याकडे उंच काय तर वलांडी. मंदाने कठड्याला धरलं आणि ती गप्प झाली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आयने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. मला फार बरं वाटत होतं. घरची भांडी, बोंबील, पोरं, काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

ते सुख फार टिकलं नाही. भाकरी खायला बसलो तेव्हा मी मंदाला म्हटलं, "हा एवढा मुलूख जव्हारच्या राजाचा होता म्हनं." दुकानदाराने सांगितलेलं, तेच मी सांगितलं. त्यावर आय घास खाता खाता म्हणाली, "तुला काय ठावं? तू पालघरच्या पुडं गेलीस कवा?"

सवयीने म्हणाली ती, मला कळतं. पण मी तिच्यासाठी सकाळपासून चार तांबे पाणी ढोसलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाकरी गुंडाळली आणि मनात म्हटलं, जा आता, दाखव राजवाडा.

तिथून निघालो तेव्हा मी मुद्दाम दहा पावलं मागे राहिले. आय पुढे, मंदा मधे. अर्ध्या तासाने एक मोठा वड आला आणि रस्ता दोन्हीकडे गेला. आय थांबली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकी, कुठून? बावीस वर्सं येताय ना?"

आयने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला तहान लागली नव्हती. मी वडाच्या पारंब्या मोजत होते.

"इकडून... नाय, थांब," आय म्हणाली. तिने चपलेतला नसलेला खडा काढला. मंदाचे डोळे बारीक झाले. मला सगळं दिसत होतं आणि थोडा वेळ, खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटली. मग आयने दुसऱ्या चपलेतला खडा काढायला घेतला. एका पायावर उभी राहून ती डुगडुगली आणि मला एकदम नऊ वर्षांचा कमळू दिसला, मोठे डोळे करून विचारणारा. मला माझीच लाज वाटली.

"आय," मी पुढे येत म्हटलं, "तुमीच सांगायच्या ना, वडाच्या उजव्या हाताने वर गेलं की राजवाडा? आमी पाठ केलंय आनी तुमी इसरलात."

"इसरले नाय," आय तडक म्हणाली. "तुजी परीक्षा बगत होते." आणि उजवीकडे चालू लागली. वळताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच.

राजवाडा दिसला तो झाडांच्या वरून. घुमट होते. नवसीने सांगितलेलं खरं निघालं, आणि आय जिथल्या तिथे उभी राहिली. तोंड उघडं, हात खाली. बावीस वर्षं जे सांगितलं ते खरोखरच तिथे होतं, दगडाचं, उन्हात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला कोपराने ढोसत होते, पण ती भानावर येईना.

मंदाने ते बरोबर हेरलं. "काकी, पयल्यांदा बगितल्यागत काय बगताय?"

आयने पदराने डोळे पुसले. तशाच आम्ही फाटकाशी गेलो. रखवालदार भला माणूस होता. म्हणाला, "राजाची मंडळी इथं नाहीत. परवानगीशिवाय आत सोडता येत नाही, बाई. बाहेरून बघा, पाहिजे तितका वेळ बघा."

"ह्यांना सोडतील ना," मंदा आयकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्या मागच्या ओट्यावर चा पितात."

रखवालदाराने आयकडे पाहिलं. आयने रखवालदाराकडे पाहिलं. आता संपलं, उद्या सकाळी आळीत काय काय होणार ते सगळं मला दिसू लागलं. आणि आय काय करते, तर फाटकाकडे पाठ फिरवून भिंतीच्या कडेकडेने सरळ चालू लागली. काही विचार करून नव्हे. पाटीवाली बाई कोणाच्याही पुढच्या दाराने जात नाही. बंगला असो, चाळ असो, पुढचं दार दिसलं की आमचे पाय आपोआप मागे वळतात. चाळीस वर्षं पाटी घेऊन दारोदार फिरलेल्या त्या पायांना राजवाडा काय आणि डॉक्टरचा बंगला काय.

मागे एक लहान फाटक होतं, नुसतं लोटलेलं. आय त्याच्याशी गेली, गुडघ्यात वाकली, हात कानाशी नेला आणि तिने सवयीची हाक दिली, "सुकट घे गो, बोंबीऽऽल."

डोक्यावर पाटी नाही, पाटीत बोंबील नाही. मंदाने कपाळाला हात लावला. मी डोळे मिटले.

आतून झाडूचा आवाज येत होता, तो थांबला. मग एक काळीसावळी, हडकुळी म्हातारी हातात खराटा घेऊन फाटकाशी धावत आली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. तिने आयकडे बघितलं, तिच्या रिकाम्या डोक्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे. मंदा चटकन पुढे झाली आणि म्हणाली, "आमी काकीचा चा प्यायचा ओटा बगायला आलोय."

नवसीला कळायला किती वेळ लागला असेल? खराटा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तेवढाच.

"आलीस?" ती आयला म्हणाली. "किती दिसांनी आलीस गं. बस तुज्या जागेवर. चा ठेवते."

आणि तिने दाखवलं तिथे खरंच दगडी ओटा होता. आय त्याच्यावर बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते ती पोरीसारखे हलवू लागली.

"पन मघाशी त्या राजवाड्याकडं आ करून बगत होत्या," मंदा हार मानायला तयार नव्हती. "पयल्यांदा बगितल्यागत."

"अगं, ही दर येळी अशीच करते," नवसी म्हणाली आणि चहा करायला गेली.

चहा गुळाचा होता, बिनदुधाचा, आणि कपबशी नव्हती, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पेले होते. मंदाने दोन घोट घेतले, पेल्याकडे बघितलं, आयकडे बघितलं, आणि "बरा हाय," एवढंच म्हणाली. मग ती घुमट पुढून बघायला गेली. तशी आयने नवसीचा हात धरला.

"नवसे, आता आत ने. आरसे दाखव."

नवसी हसू लागली. तिला पुढचे दोन दात नव्हते. "मी आत कवा गेले? माजा खराटा मागच्या अंगनाचा. आतलं आतल्या बाया करतात."

"आनी त्या एका बाईच्या वीस बाया?"

"एकदा दार उगडं होतं, तवा एक आरसा दिसला. त्यात मी एकटीच होते."

आय तिच्याकडे बघत राहिली आणि मग दोघी अशा हसल्या की आयचा चहा लुगड्यावर सांडला. मीही हसले. बावीस वर्षं आम्ही आळीभर ज्या आरशांत बघत होतो, त्यांतला एकच खरा होता.

हसणं ओसरल्यावर नवसी खराट्याच्या काड्या ओढत बसली. मग हळूच म्हणाली, "येसू, तुला येक सांगू? मीबी पाड्यावर सांगितलंय. तू दर्याचं सांगतेस ना, भरती येते, ओहटी लागते, पायाखालची रेती सरकते. नातवंडं इचारतात, तू बगितलास? मी हो म्हनाले. गुडग्याइतक्या पान्यात उभी राहिले म्हनाले. आता पाड्यावरच्या चिमी नि ठकी मागं लागल्यात, आमाला दाखव म्हनून."

"मग आन त्यांना," आय म्हणाली.

"रस्ता ठावं नाय मला."

"ते माज्यावर सोड," आय म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता, "आमच्या शकूला लई तहान लागते. ती करते बरोबर."

परतीच्या गाडीत आय माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मंदा खिडकीतून बाहेर बघत होती. विक्रमगड गेल्यावर ती वळून म्हणाली, "काय गो शकू, भागली का तहान?" मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. आळीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गराडा घातला तेव्हा मंदानेच सांगितलं, ओटा हाय, चा पन प्यालो, काकी खरं बोलते. त्या दिवसापासून मंदाची जीभ मला तितकी लांब वाटत नाही. आणि आयने "तुला काय ठावं" म्हणणं सोडलं. चार दिवस.

माघात नवसी आली. त्याआधी सहा बाजार आयने तिच्याकडून रस्ता पाठ करून घेतला होता. पालघरला लाल गाडी, शेवटच्या थांब्याला उतरायचं, बर्फाच्या कारखान्यावरून पुढे, वलांड्या लागल्या की डावीकडे. बरोबर चिमी आणि ठकी होत्या, तिच्या पाड्यावरच्या, दोघी भेदरलेल्या, एकमेकींचा पदर धरून. नवसी पुढे छाती काढून चालत होती. आमच्या घराशी आली आणि सवयीने मागच्या दाराकडे वळली. आय धावत गेली, तिचा हात धरून तिला पुढून ओट्यावर घेऊन आली आणि आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मागल्या येळी आलीस तवा लवकर गेलीस. आता आज जेवल्याशिवाय सोडायची नाय."

जेवण झाल्यावर नवसीच म्हणाली, "चला, दर्या दाखवते." आम्ही मागे राहिलो. ती वलांड्यांमधून बोंबील चुकवत पुढे गेली, बोट करून चिमीला हे दाखव, ठकीला ते दाखव. शेवटची वलांडी संपली आणि ती वाळूत आली. भरती होती. पाणी पार वरपर्यंत आलेलं, उन्हाने चमकत होतं, पलीकडे काहीच नव्हतं.

नवसी थांबली. वर केलेला हात तसाच राहिला. एक लाट आली, तिच्या पायांवरून गेली, पायाखालची वाळू घेऊन परत फिरली, तशी ती दचकली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

चिमी पुढे होऊन तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागली. "नवसे, पयल्यांदा बगितल्यागत काय करतेस गं?"

आय पाण्यात शिरली, नवसीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"अगो, तिचं काय मनावर घेतेस," आय चिमीला म्हणाली. "ही दर येळी अशीच करते."